चांगला हीलर कमी बरं करतो

लोथेब हा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, हीलरांच्या, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरणाऱ्या खेळाडूंच्या, मुळावर उठण्यासाठीच घडवला असावा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात नक्सरामस नावाचा एक तरंगता किल्ला आहे. त्याच्या प्लेग विभागाच्या शेवटच्या दालनात बुरशीने माखलेला हा राक्षस उभा असतो. 2006 साली किल्ला खुला झाला तेव्हा 40 खेळाडू एकत्र येऊन त्याच्यावर चालून जात. लोथेबची अट अशी, की एकदा जखम भरणारा मंत्र टाकला की पुढचं पूर्ण मिनिट तसा दुसरा मंत्र टाकता येणार नाही. या खेळात मिनिट म्हणजे एक युग. टँक, म्हणजे मार झेलणारा गडी, त्याच्यापुढे उभा राहून घाव सोसतोय, त्याला या मिनिटभरात जगवायचं कुणी?

गिल्डांनी, म्हणजे खेळाडूंच्या संघांनी, तोडगा काढला तो नंबर लावण्याचा. सगळ्या हीलरांची यादी करायची, आधीच्याचा मंत्र पडला की ठरलेल्या सेकंदांनी पुढच्याने आपला सगळ्यात मोठा मंत्र टँकवर सोडायचा आणि मग आपली पाळी पुन्हा येईपर्यंत हाताची घडी घालून बसायचं. शेजारचा भिडू मरत असला तरी. त्या भिडूने स्वतःच्या बँडेजवर आणि औषधाच्या कुप्यांवर भागवायचं, कारण लोथेबचा शाप ठरावीक अंतराने सगळ्यांवरच कोसळत असे. दया येऊन कुणी एखाद्याला मध्येच बरं केलं, की त्याची पाळी रिकामी जायची, टँक पडायचा आणि पाठोपाठ 40 जणांची प्रेतं. ज्याच्या बोटांना खाज सुटली त्याने सगळ्यांना बुडवलं, असा हा मामला.

डिसेंबर 2020 मध्ये 'क्लासिक' या पुनरावृत्तीत हाच किल्ला पुन्हा उघडला आणि नव्या पिढीने त्याच याद्या पुन्हा बनवल्या.

लोथेब हे टोकाचं उदाहरण झालं. पण हीलर खेळण्याचं सगळं मर्म त्यात आहे. नवख्याला वाटतं, पडद्यावर कुणाची प्राणशक्ती दाखवणारी पट्टी लाल झाली की ती हिरवी करायची, एवढंच तर काम. प्रत्यक्षात हीलरचा बराचसा वेळ कुणाला आत्ता बरं करायचं नाही, हे ठरवण्यात जातो.

कामाची वाटणी आधी सांगायला हवी. अशा बहुतेक खेळांत तीन भूमिका असतात. टँक शत्रूचा राग अंगावर ओढून घेतो, मारेकरी शत्रूला मारतात आणि हीलर सगळ्यांना उभं ठेवतो. या रचनेची मुळं संगणकाबाहेरची. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ अमेरिकेत निघाला. त्यात क्लेरिक, म्हणजे लढवय्या पुरोहित, हा वर्ग होता. तो आला कुठून? आर्नेसनच्या आधीच्या 'ब्लॅकमूर' खेळात एका खेळाडूचं सर फँग नावाचं व्हँपायर पात्र फारच डोईजड झालं होतं. त्याला आवर घालायला हा पुरोहित पुढे आणला गेला. म्हणजे मूळ नेमणूक पिशाच्चांच्या बंदोबस्तासाठी, जखमा भरणं हे जोडकाम. पहिल्या पातळीवरच्या क्लेरिककडे तर तेव्हा एकही मंत्र नसे.

जोडकामाचं मुख्य काम केलं ते ऑनलाइन खेळांनी. 1999 च्या 'एव्हरक्वेस्ट'मधल्या क्लेरिकचे हाल आजच्या खेळाडूला सांगून खरे वाटत नाहीत. मानाचा, म्हणजे मंत्रशक्तीचा, साठा भरून यावा म्हणून ध्यान लावायचं, तर समोर मंत्रांची पोथी उघडावी लागे आणि ती पोथी अख्खा पडदा व्यापून टाकायची. पस्तिसाव्या पातळीपर्यंत यातून सुटका नव्हती. बाजूला लढाई जुंपलीय आणि क्लेरिक बिचारा पानं बघत बसलाय! पण याच खेळाने हीलरांना एक फार मोठी गोष्ट शिकवली. 39 व्या पातळीला 'कम्प्लीट हील' हा मंत्र मिळायचा. ताकद प्रचंड, पण पुरा व्हायला तब्बल 10 सेकंद. मोठ्या राक्षसापुढे टँक 10 सेकंद टिकतोय कशाला? म्हणून क्लेरिकांची साखळी लावली जाई. पहिल्याने मंत्र सुरू केला की दोन-चार सेकंदांनी दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, आणि प्रत्येकाने आपला नंबर चॅटमध्ये जाहीर करायचा. यातली गंमत अशी, की चौथ्या नंबरचा क्लेरिक मंत्र सुरू करतो तेव्हा त्या मंत्राने जी जखम भरायची आहे ती अजून झालेलीच नसते.

झालेल्या जखमेमागे धावणारा हीलर कायम दोन सेकंद उशिरा पोचतो. चांगला हीलर होणाऱ्या जखमेच्या आधी निघतो. पंगतीतला मुरलेला वाढपी ताट रिकामं व्हायची वाट पाहत नाही, कुणाचा हात कशाकडे वळतोय ते बघून पुढे सरकतो. तशी ही नजर.

आता थोडं जवळून पाहू. 'वॉरक्राफ्ट'च्या मूळ, 2004 सालच्या आवृत्तीतला प्रीस्ट हा हीलर घ्या. त्याच्या हाताशी मुख्यतः चार गोष्टी असतात. 'फ्लॅश हील' दीड सेकंदात पडतो, पण मानाच्या हिशेबात महाग. 'ग्रेटर हील' स्वस्त आणि दणदणीत, मात्र त्याला 3 सेकंद लागतात. एक विशिष्ट कौशल्य घेतलं तर अडीच. 'रिन्यू' लगेच लागतो आणि 15 सेकंद थेंबथेंब बरं करत राहतो. चौथी गोष्ट म्हणजे ढाल: घाव बसण्याआधीच अंगावर चढते, पण एकदा दिली की त्याच माणसाला पुढचे 15 सेकंद पुन्हा देता येत नाही. शिवाय कुठलाही मंत्र टाकला की दीड सेकंद दुसरा सुरू होत नाही. नवखा घाबरून फ्लॅश हीलवर फ्लॅश हील मारत सुटतो. पट्ट्या भरलेल्या दिसतात, सगळे खूश. आणि बॉस अर्ध्यावर असताना माना संपते. तिथून पुढे हीलर हा निव्वळ प्रेक्षक.

मुरलेला खेळाडू टँक धडधाकट असतानाच ग्रेटर हील सुरू करतो. अडीच सेकंदांत मोठा घाव बसला तर मंत्र नेमक्या वेळी पडतो. नाहीच बसला, तर शेवटच्या क्षणी तो रद्द करायचा. माना मंत्र पुरा झाल्यावरच कापली जाते, त्यामुळे या हुलीला खर्च शून्य.

जुन्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये आणखी एक पाच सेकंदांचा नियम होता. माना खर्च केली की 'स्पिरिट' या गुणातून होणारी नैसर्गिक भरपाई पुढचे 5 सेकंद थांबायची. दर चार सेकंदांनी कुणाला तरी एक किरकोळ मंत्र देणाऱ्या प्रीस्टचं मडकं त्यामुळे कधीच भरत नसे. तेच मंत्र दोन-तीन एकामागोमाग टाकून मग आठ-दहा सेकंद स्वस्थ बसणारा लांबच्या लढाईत टिकायचा. स्वस्थ बसणं हेही इथे कामच.

जुन्या खेळाडूंची दुसरी युक्ती म्हणजे मंत्राची मुद्दाम जुनी, खालची रँक वापरणं. ड्रुइड या दुसऱ्या हीलर वर्गाच्या 'हीलिंग टच'ची विसाव्या पातळीला मिळणारी चौथी रँक साठाव्या पातळीचे लोकही सर्रास वापरत. भारी चिलखत-अंगठ्यांतून मिळणारा जादा गुण खालच्या रँकलाही लागू व्हायचा. मंत्राची किंमत मात्र जुनीच राहायची. लहान जखमेला लहान मंत्र, हे गणित ज्याला जमलं त्याची माना उरायची. पुढे हा खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने ही पळवाट आधी आवळली आणि 2008 पर्यंत बंदच करून टाकली.

टँकवर लक्ष ठेवताना हीलर विसरतो ते स्वतःला. शत्रू कुणावर धावून जाणार, हे त्याच्या रागाच्या हिशेबावर ठरतं आणि बरं करण्यानेही हा राग वाढतो. मूळ आवृत्तीत भरून काढलेल्या दर 2 गुणांमागे 1 गुण राग हीलरच्या खात्यात जमा होई, आणि लढाईतल्या सगळ्या शत्रूंमध्ये तो वाटला जाई. आधीच भरलेल्या पट्टीवर वाया गेलेल्या मंत्राचा राग मात्र धरला जात नसे. आता 'स्कार्लेट मोनॅस्टरी' या मठातला नेहमीचा प्रसंग पाहा. टँकने तिघांना धरलंय. त्यातला एक मरायला टेकला की घाबरून पळत सुटतो आणि शेजारच्या खोलीतून आणखी दोघांना घेऊन येतो. या नव्या दोघांना टँकने अजून हातही लावलेला नाही. त्यांच्या वहीत एकच नाव लिहिलेलं असतं, ते हीलरचं. दोघेही थेट त्याच्यावर. नवख्याची पहिली प्रतिक्रिया म्हणजे उलट्या दिशेने धूम ठोकणं, आणि मग पुढच्या खोलीतले आणखी चौघे जागे होतात. शहाणा प्रीस्ट 'फेड' दाबून राग तात्पुरता उतरवतो आणि टँकच्या दिशेने धावतो, म्हणजे टँकला त्यांना जागच्या जागी उचलता येतं. आणि मुख्य म्हणजे पळणाऱ्या शत्रूवर नजर ठेवून गटाला आधीच सावध करतो. उभं राहून समोर बघणारा गटात बहुतेकदा हीलर एकटाच असतो.

जखमा भरण्याबरोबर शाप, विष, रोग उतरवणं हेही हीलरचं काम. सुरुवातीच्या काळात 'डिकर्सिव्ह' नावाचा एक ॲड-ऑन, म्हणजे खेळाला जोडायचा छोटा प्रोग्राम, एकच बटण दाबत राहिलं की कुणाचा शाप उतरवायचा ते स्वतःच ठरवायचा. 2006 च्या अखेरीस ब्लिझर्डने असं आपोआप ठरवण्यावर बंदी घातली, आणि योग्यच केलं. कारण काही वेळा न उतरवणंच शहाणपणाचं असतं. नक्सरामसमध्येच ग्रॉब्युलस नावाचा दुसरा बॉस आहे. तो एखाद्याला विकृतीचं इंजेक्शन टोचतो. हा रोग हीलरला उतरवता येतो, पण उतरवला की तो माणूस जिथे उभा असेल तिथे स्फोट होतो आणि विषारी ढग मागे राहतो. तत्परतेने उतरवलात तर ढग गर्दीच्या मधोमध! रोगी दालनाच्या कडेपर्यंत पोचेतो थांबायचं आणि मगच मंत्र टाकायचा.

तत्परतेची किंमत एकदा अख्ख्या खेळजगाने मोजली आहे. 13 सप्टेंबर 2005 रोजी 'झुल'गुरूब' ही 20 जणांची मोहीम सुरू झाली. तिथला बॉस हक्कार 'करप्टेड ब्लड' हा संसर्ग लावायचा. जवळ उभ्या असलेल्याला तो लगेच जडे. रोग त्या दालनापुरताच राहावा अशी योजना होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत आला. खालच्या पातळीचे खेळाडू काही सेकंदांत मरू लागले. खेळाने चालवलेली दुकानदार-पहारेकरी पात्रं मात्र मरत नव्हती, नुसती रोग वाटत होती. चौकाचौकांत हाडांचे सापळे साचले. हीलर धावून आले आणि जमेल त्याला बरं करू लागले. साथरोगतज्ज्ञ एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी 2007 मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकात या प्रकरणावर लेख लिहिला. हीलरांच्या मदतीने साथ लांबली असण्याची शक्यता त्यांनी नोंदवली: जे लगेच मेले असते ते जगले आणि आणखी लोकांना रोग देत राहिले, शिवाय मदतनीसही बाधित होऊन पुढच्या ठिकाणी धावत गेले. अखेर ब्लिझर्डला सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावे लागले.

हीलरचं काम मोजायचं कसं, हा जुना वाद आहे. मारेकऱ्याचं सोपं: कुणी किती मारलं, याचा आकडा मीटरवर येतो. हीलरचाही येतो, पण तो फसवा. गटाला जेवढ्या जखमा झाल्या तेवढ्याच भरता येतात. त्यामुळे एकाचा आकडा वाढला म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचं त्याने उचललं, एवढाच त्याचा अर्थ बऱ्याचदा असतो. काहीजण तर सहकाऱ्याचा अडीच सेकंदांचा मंत्र पडण्याच्या बेतात असताना आपला झटपट मंत्र टाकून श्रेय लाटतात. ज्याने ढाल वेळेवर देऊन जखम होऊच दिली नाही, त्याला जुन्या मीटरवर काहीच मिळत नसे. मीटर बघायचाच असेल तर दोन गोष्टींसाठी बघावा: भरलेल्या पट्टीवर किती ओतलं गेलं, आणि कुणी मेला तर त्याच्या शेवटच्या 5 सेकंदांत काय घडलं.

मानाची टंचाई किती ठेवायची, या प्रश्नाशी खेळ बनवणारेही सतत झगडत आले आहेत. 2008 ते 2010 च्या, 'वॉरक्राफ्ट'च्या 'रॅथ ऑफ द लिच किंग' या विस्ताराच्या काळात माना जवळजवळ संपतच नसे. उलट टँक दोन घावांत मरू शके. मग विचार कसला करायचा? सगळ्यात मोठा मंत्र न थांबता मारत राहायचं. डिसेंबर 2010 च्या 'कॅटाक्लिझम'ने गाडी उलटी फिरवली. पट्ट्या लांबलचक झाल्या, मंत्र त्या मानाने छोटे पडू लागले आणि माना पुन्हा तंग झाली. हेतू असा, की अर्ध्या पट्टीचा माणूस दिसला तरी हीलरने थांबावं, निवडावं. साध्या पाचजणांच्या डंजनमध्येही, म्हणजे छोट्या मोहिमेतही, गट मरू लागले आणि एकच ओरड झाली. शेवटी मुख्य प्रणाली-रचनाकार ग्रेग स्ट्रीट यांनी जानेवारी 2011 मध्ये सविस्तर लेख लिहून ही अवघड चाल मुद्दाम ठेवल्याचं सांगितलं. प्रस्तुत लेखकाच्या मते ती दुरुस्ती रास्त होती. निवड नसलेलं हीलिंग म्हणजे टंकलेखनाचा सराव.

जपानच्या स्क्वेअर एनिक्सच्या 'फायनल फँटसी 14'ने वेगळा रस्ता धरला. तिथे चारजणांच्या गटात एक हीलर असतो आणि त्याने फावल्या वेळात शत्रूवर हल्ला करत राहावं अशीच अपेक्षा असते. एका मुख्य मंत्रानंतर दुसऱ्यासाठी साधारण अडीच सेकंद थांबावं लागतं. पण त्या फटीत बसतील असे बरं करण्याचे कितीतरी झटपट उपाय दिलेले आहेत. ते योग्य क्रमाने वापरणाऱ्या व्हाइट मेज या हीलरला मुख्य मंत्र खर्चून बरं करण्याची वेळ क्वचितच येते. 'बेनेडिक्शन' हा त्याचा हुकमाचा एक्का टँकची पट्टी एका झटक्यात पूर्ण भरतो, पण मग 3 मिनिटं मिळत नाही. नवखे तो शेवटच्या संकटासाठी राखून ठेवतात आणि बऱ्याचदा डंजन संपतं तरी तो खिशातच राहतो. अनुभवी लोक टँक मोठा घोळका ओढतो तेव्हाच तो वापरून मोकळे होतात. 2024 च्या उन्हाळ्यात, 'डॉनट्रेल' हा विस्तार यायच्या तोंडावर, या खेळातल्या काही हीलरांनी चक्क संपाची हाक दिली. तक्रार कामाच्या ओझ्याची नव्हती. टँक आणि मारेकरी स्वतःच स्वतःला इतके बरे करू लागलेत की आम्हाला काम उरत नाही, ही होती.

भारतातून खेळणाऱ्याची एक अडचण वेगळी. या दोन्ही खेळांचा सर्व्हर भारतात नाही. पुण्या-नाशिकहून दाबलेलं बटण युरोप, जपान किंवा ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन येतं. तेवढ्यात पाव सेकंद सहज जातो. अशा वेळी शेवटच्या क्षणाच्या चपळाईवर भिस्त ठेवू नये. ढाल, थेंबथेंब बरं करणारे मंत्र आणि आधीच सुरू केलेले मोठे मंत्र हाच खरा आधार. बॉसचा पुढचा मोठा हल्ला कधी येणार हे सांगणारे 'डेडली बॉस मॉड्स'सारखे ॲड-ऑन 'वॉरक्राफ्ट'मध्ये आहेत. 'फायनल फँटसी'त बॉसच्या मंत्राची पट्टी भरताना दिसते, तीही पुरेशी आहे.

मांडणीकडेही लक्ष द्यावं. सगळ्या भिडूंच्या पट्ट्या पडद्याच्या कोपऱ्यात न ठेवता मध्याच्या जरा खाली आणाव्यात, म्हणजे पट्ट्या आणि पायाखालची आग एकाच नजरेत येते. एवढा मोठा ड्रॅगन समोर नाचत असतो आणि हीलर चौकोनांकडे बघत आगीत उभा राहून मरतो, हा जगभरातल्या गिल्डांमधला जुनाच विनोद आहे. 'वॉरक्राफ्ट'मध्ये माउस ज्याच्या पट्टीवर असेल त्याच्यावर मंत्र पडेल असे मॅक्रो बनवता येतात. प्रत्येकाला आधी निवडण्याचा खटाटोप त्याने वाचतो. सुरुवातीचा एखादा दिवस हात अडखळतात, मग त्याशिवाय चालत नाही.

हे करून बघायचं असेल तर पैसे खर्च न करताही येतं. 'फायनल फँटसी 14'ची विनामूल्य चाचणी 70 व्या पातळीपर्यंत चालते. पात्र बनवताना 'कॉन्ज्युरर' निवडा. ग्रिडानिया या जंगलातल्या शहरात सुरुवात होईल आणि 30 व्या पातळीला व्हाइट मेज होता येईल. 15 व्या पातळीला 'सस्ताशा' हे चाच्यांच्या गुहेचं पहिलं डंजन उघडतं. तिथे टँकची पट्टी निम्म्याजवळ येईपर्यंत 'क्युअर' दाबू नका, तोवर शत्रूवर 'स्टोन' टाकत राहा. चुकाल याची धास्ती बाळगू नका: गटात कुणी पहिल्यांदाच आलेला असेल तर खेळ स्वतःच बाकीच्यांना तसं कळवतो आणि त्याला सांभाळून नेल्याबद्दल त्यांना जादा बक्षीसही देतो.